ओतांच्या शाळेतली मुले

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय 29 जून 2025 रोजी रद्द झाले, तरी 'भाषा सक्तीनेच मरते' हा युक्तिवाद माझ्या पुण्याच्या मित्रांनी अजून सोडलेला नाही. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये बसून तो वाचताना मी चिडतो, कारण ज्या गॉलांच्या, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांच्या, भूमीवर हे शहर उभे आहे, त्यांच्या भाषेवर रोमने बंदी घातल्याचा दाखला नाही. ड्रुइड पुरोहितांवर गदा आली, भाषेवर नाही. रोमन सेनानी सीझरच्या गॉलमधल्या कत्तली मी नाकारत नाही, पण इ.स.पू. 52 मध्ये अलेसियाला गॉलांचा नेता वर्सिंजेटोरिक्स शरण गेल्यावरही त्यांची गॉलिश भाषा काही शतके बोलली जात होती.

तिची मुळे उखडली ती गॉलमधल्या ओतांसारख्या गावी. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की इ.स. 21 मध्ये रोमविरुद्ध बंड पुकारणाऱ्या साक्रोव्हिर या गॉलाने हे शहर ताब्यात घेतले, कारण गॉलमधल्या बड्या घराण्यांची मुले तिथे रोमन पद्धतीने शिकत होती आणि ती हाती आली की त्यांचे आईबाप बंडात ओढले जातील, असा त्याचा हिशेब होता. अलेसियानंतर जेमतेम तीन पिढ्यांत ही अवस्था! पुढे इ.स. 48 मध्ये गॉलच्या प्रतिष्ठितांनी सिनेटमध्ये प्रवेश मागितला आणि ल्योंमध्येच जन्मलेल्या सम्राट क्लॉडियसने त्यांची बाजू घेतली. ते भाषण कोरलेला काशाचा पत्रा ल्योंच्याच फुर्व्हिएर टेकडीवरच्या संग्रहालयात आहे.

तिथेच 1897 साली कोलिन्यी या गावी सापडलेले गॉलांचे पंचांगही आहे. भाषा गॉलिश, लिपी रोमन; प्रत्येक दिवसापुढे खुंटी रोवायला बारीक छिद्र आणि पाच वर्षांत दोन अधिक महिने. अधिक मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मला त्या तुकड्यांपुढून पाय काढवत नाही. सोबत आलेल्या मुलीला मी हे मराठीत समजावतो. ती ऐकते, पण कंटाळली की फ्रेंचमध्ये वाद घालते.

यावर 'तू तिकडे बसून बोलू नकोस' असे मला ऐकवले जाते, आणि ऐकवणाऱ्या बहुतेकांची मुले बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात आहेत. फ्रेंच झालात की गॉल तुमचे पूर्वज, असे फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी 2016 मध्ये म्हणाले तेव्हा मीही इथल्या इतरांसारखा हसलो होतो. रक्ताच्या नात्याने नसेन, पण ओतांला मुले पाठवणाऱ्या बापांच्या नात्याने मी गॉल झालोच आहे. माझे कोथरूडचे मित्र तर प्रेफेक्चरची, म्हणजे फ्रेंच नागरिकत्वासाठी अर्ज करायच्या कचेरीची, पायरीही न चढता झाले.