अध्यक्ष व्हा, निर्णय घेऊ नका

नेतृत्व शिकायचं असेल तर नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपायच्या आत आमच्या फ्लॅट स्कीममध्ये येऊन जा. येताना बादली आणा. पाण्याची मोटर जळली आहे.

अडचण आली की आधी मीटिंग लावायची. संध्याकाळी, गच्चीवर, तर्री पोह्यांसकट. पोह्यांच्या खर्चाला मंजुरी लागत नाही, मोटरच्या वाइंडिंगला लागते. हा भेद ज्याला कळला तो अर्धा नेता झाला.

कोटेशन तीनच मागवा. तिसरं येईपर्यंत पहिल्याचा भाव बदललेला असतो, मग पुन्हा मागवा.

चर्चा मात्र आखडू नका. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश लेखकानं १९५७ सालीच लिहून ठेवलंय की समिती अणुभट्टीचा अवाढव्य खर्च चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकलच्या शेडवर भांडत बसते. आम्ही पुढे गेलो. गेटच्या रंगावर भांडलो आणि मोटर ‘ऐनवेळचे विषय’मध्ये टाकली. ऐनवेळी सगळे जेवायला गेले.

आता समस्या सोडवण्याचं शास्त्र. अध्यक्षसाहेब कुठल्याशा शिबिरातून ‘पाच वेळा “का?” विचारा’ ही जपानी युक्ती घेऊन आलेत. युक्ती चांगलीच आहे. टोयोटाच्या ताइइची ओनोंचं उदाहरण प्रसिद्ध आहे: मशीन बंद का पडलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरलं नाही. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नसल्यानं आत धातूचा कचरा गेला. म्हणजे गाळणी बसवा, विषय संपला. कामगाराला कोणी धरलं नाही.

आमच्याकडे मोटर का जळली? खालच्या टाकीत पाणी नसताना कोरडीच चालली. का? चौकीदारानं बंद केली नाही. का? त्याला डुलकी लागली. बस! तिसऱ्याच ‘का’ला गुन्हेगार सापडला. चौथा विचारला असता तर बारा तासांची ड्युटी आणि ४५ डिग्रीत तापलेली पत्र्याची खोली निघाली असती. पाचवा विचारला असता तर पाणी संपताच मोटर आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर निघाला असता. त्याचा अर्ज दिवाळीपासून साहेबांच्या फाइलमध्ये ‘विचाराधीन’ आहे. पण तिथवर जातो कोण? चौकीदाराचा पगार कापायचं मात्र पोहे संपायच्या आत ठरलं. ना कोटेशन, ना उपसमिती, ना रूट कॉज. म्हणजे निर्णय घेता येतो की यांना!

मी मोटरचं विचारलं तर अध्यक्षसाहेब म्हणतात, “घाई काऊन करून राहिले भाऊ? प्रोसेस चालू आहे ना.”

प्रोसेस? अहो, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघे धरत बादली चढवून राहिल्या. टँकरवाल्याला रोज मोजतोय ते पैसे काय आभाळातून पडतात? वाइंडिंगवाला याच गल्लीच्या टोकाला बसतो, त्याला फक्त “काम सुरू कर” म्हणायचं आहे. चूक झाली तर नाव आपल्यावर येईल, एवढ्या एका भीतीपायी तुम्ही अख्खी बिल्डिंग तहानलेली ठेवली आहे. उद्या सकाळी सही करा, नाहीतर खुर्ची सोडा. आणि चौकीदाराचे कापलेले पैसे त्याला परत द्या, आजच.