डबा संपला म्हणे!
एका लेखात वाचलं की ऑफिसातला डबा आता संपत आलाय, सगळे मोबाईलवरूनच जेवण मागवतात. पुण्या-मुंबईकडं असेल बाबा, पण आमच्या सांगलीत दीड वाजता येऊन बघा, सहा जणांत पाच डबे उघडतात आणि निम्म्यांत तरी ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठची भरली वांगी नायतर पिठलं, आणि शेंगदाण्याची चटणी तर ठरलेलीच. सकाळी सहाला थापलेली भाकरी तोवर कडेनं कडक झालेली असते, मग ती आमटीत चुरून पाचही बोटांनी कालवायची, चमचा काढला की सगळे हसतात.

बाहेरचं मागवतो की आम्हीपण, पगार झाल्यावर एखाद्या दिवशी. आणि चार वाजता ड्रॉवरमधनं जे भडंग निघतं त्याचा तर लेखात उल्लेखच नाही राव!