चार दिवसांत लॉक झालेल्या डीव्हीडी ड्राइव्हबद्दल

नमस्कार. अमेरिकेतल्या डीव्हीडी चालाव्यात म्हणून आम्ही ३०० रुपये घेतले, चार दिवसांत ड्राइव्ह लॉक झाला, विंडोज नव्याने टाकूनही सुटला नाही आणि फर्मवेअर (ड्राइव्ह चालवणारा त्याच्या आतला प्रोग्रॅम) बदलून द्यायला आम्ही नकार दिला, म्हणून आपण एक स्टार दिलात. आमची चूक आधी सांगतो. रीजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क चालतील ते ठरवणारा क्रमांक, मोजक्याच वेळा बदलता येतो, हे लॅपटॉप हातात देताना तोंडी सांगायला हवं होतं. जॉबशीटवर नुसतं 'शिल्लक ३' लिहून भागत नाही. ३०० रुपये परत मिळतील.

आता लॉकचं. १ जानेवारी २००० नंतरच्या ड्राइव्हमध्ये रीजनचा क्रमांक आणि उरलेल्या संधी ड्राइव्हच्या आतच नोंदलेल्या असतात. एकूण संधी पाच, आणि पहिल्यांदा रीजन ठरवतानाही त्यातली एक जाते. आपला ड्राइव्ह आला तेव्हा भारताच्या ५ वर होता, शिल्लक ४. आम्ही अमेरिकेचा १ केला, उरल्या ३. आपल्या फोटोत रीजन ५, शिल्लक ० दिसतंय. म्हणजे घरी ५, १, ५ असा तीनदा फिरला. परक्या रीजनची डिस्क घातली की प्लेअर रीजन बदलायचा का विचारतो, आपण सवयीने 'ओके' दाबतो आणि तिथेच संधी जाते. हा आकडा हार्ड डिस्कवर नसतोच, त्यामुळे फॉरमॅट मारून उपयोग नाही. ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला तरी शून्यच.

फर्मवेअर आम्ही मुद्दाम टाकत नाही. रीजन न तपासणारी सुधारित फर्मवेअर काही मॉडेलांसाठी नेटवर मिळतात, पण मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावी लागते. चुकीची फाइल गेली किंवा मध्येच वीज गेली, तर ड्राइव्ह ओळखूच येत नाही. शिवाय ड्राइव्ह मोकळा झाला तरी काही प्लेअर सॉफ्टवेअर स्वतःचा वेगळा आकडा धरून बसतात.

आधी फुकटातला उपाय करून बघा: व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर. ते रीजन विचारत नाही, डिस्कचं कुलूप स्वतःच उघडतं. सुरू व्हायला कधी कधी बराच वेळ लागतो, तेवढं थांबा. मात्र काही ड्राइव्ह, विशेषतः डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) ज्यांचं नाव 'मात्शिता'ने सुरू होतं ते, रीजन जुळला नाही तर डिस्क वाचूच देत नाहीत. तिथे व्हीएलसीचाही इलाज चालत नाही.

मग एकच खात्रीचा मार्ग: यूएसबीचा दुसरा ड्राइव्ह. आतला ५ वरच राहू द्या. बाहेरचा लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या 'डीव्हीडी रीजन' टॅबवर जा, आधी शिल्लक आकडा वाचा, यादीतून अमेरिका निवडा आणि पुन्हा त्या टॅबला हात लावू नका. त्यात फक्त १ च्या डिस्क घालायच्या. वेष्टणामागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात क्रमांक छापलेला असतो, तो बघून डिस्क घाला. 'ऑल' लिहिलेलं असेल तर कुठल्याही ड्राइव्हमध्ये चालेल. आपल्याकडच्या बऱ्याच डिस्क तशाच असतात. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कना रीजन नसतोच.

ड्राइव्ह कुठूनही घ्या, सेटिंग आम्ही विनामूल्य करून देऊ. येताना न चालणारी एक डिस्क सोबत आणा. व्हीएलसीवर ती आधी इथेच लावून बघू, चालली तर नवा ड्राइव्ह घ्यायलाच नको.