दंडुक्यांचा शुक्रवार

काल कट्ट्यावर फ्रिजियन भाषेवरून जुंपली. विषय काढला धाकट्याने. नोकरीसाठी तो दोन वर्षं नेदरलँड्सच्या उत्तरेला, लेवार्डनला राहून आलाय. म्हणाला, "डचचीच बोली आहे हो ती."

"बोली कसली?" वकील उसळले. "चीजला डचमध्ये कास, फ्रिजियनमध्ये त्सीस. चर्चला डचमध्ये केर्क, फ्रिजियनमध्ये त्स्येर्के. आता सांग, डचची लेक की इंग्रजीची बहीण?"

मास्तरांना त्यात रस नव्हता. "बहीण असो नाहीतर आत्या. भाषा टिकते ती आईच्या तोंडी. सरकारी कागदाने टिकत नाही."

मग वकिलांनी १९५१ सालची हकिगत सांगितली. लेवार्डन ज्या प्रांतात येतं, त्या फ्रीसलांडमधल्या एका न्यायाधीशाने कोर्टात फ्रिजियन चालवून घेतली नाही. संपादक फेडे स्खूररने त्यावर जळजळीत लिहिलं, तर खटला त्याच्यावरच भरला. १६ नोव्हेंबर, शुक्रवार. लेवार्डनच्या कोर्टाबाहेर लोक जमले. पोलिसांनी दंडुके चालवले, पाण्याचे फवारे मारले. तिथे त्या दिवसाला 'क्नेपेलफ्रेड' म्हणतात, दंडुक्यांचा शुक्रवार. १९५६ मध्ये कायदा झाला आणि कोर्टात फ्रिजियन बोलायची मुभा मिळाली. प्राथमिक शाळेत ती सक्तीची व्हायला १९८० उजाडलं.

"घरात बोलतच होते ना मास्तर? मग मार कशासाठी खाल्ला?" वकिलांनी विचारलं.

"आणि जर्मनीतलं झाटरलांड?" मास्तर हटेनात. "मध्ययुगात किनाऱ्यावरून काही फ्रिजियन तिथे गेले. चहूकडे दलदल. जायचं तर होडीने, नाहीतर हिवाळ्यात सगळं गोठल्यावर. त्या मूठभर गावांत दोनेक हजार लोक आजही फ्रिजियनचाच एक प्रकार बोलतात. शेकडो वर्षं ती कुणी जपली? घरानेच."

इथे मला राहवलं नाही. झाटरलांडच्या शेजारीच ओस्टफ्रीसलांड आहे. तिथले लोक अजून अभिमानाने स्वतःला फ्रिजियन म्हणवतात. कपात खडीसाखर, तिच्यावर कडक चहा, वर अलगद सोडलेली साय, आणि चमच्याने ढवळायचं नाही, ही रीत त्यांनी जिवापाड जपली. भाषा मात्र गेली. पंधराव्या शतकाच्या सुमारास कागदोपत्री लो जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीतली भाषा, आली, पुढे हळूहळू तीच घराघरांत शिरली. तिथल्या आयांची माया का कमी होती? झाटरलांडला दलदलीने वाचवलं, मास्तर. आता तिथेही रस्ते झालेत.

मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, फ्रीसलांडात शाळा आहे, कोर्ट आहे. तरी बोलणाऱ्यांतल्या थोड्यांनाच ती लिहिता येते, ते का?"

याचं उत्तर वकिलांकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

धाकटा इतका वेळ ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "बेकरीत मी शिरलो की आतल्या दोघी बोलणं तोडून डचवर यायच्या. मला अवघड वाटू नये म्हणून. दोन वर्षं राहिलो, पण तिथली भाषा मी धड ऐकलीच नाही."