‘सुई आवाज जसाच्या तसा उचलते’ म्हणे!

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. म्हणे एलपी रेकॉर्डच्या (तबकडीच्या) खाचेतला आवाज सुई जसाच्या तसा उचलून थेट स्पीकरला देते, मध्ये कसलाही फेरफार नाही. शिवाय हिऱ्याची सुई झिजत नाही, आणि तिचा भार जितका कमी तितकी तबकडी टिकते. एलपींचं वेड मलाही आहे, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी ते ‘थेट’. ॲम्प्लिफायर बंद ठेवून रेकॉर्ड लावा आणि सुईजवळ कान न्या. डासाच्या आवाजात गाणं ऐकू येतं. बहुधा त्यावरूनच हा समज रुजला असावा. पण स्पीकरकडे जाते ती वीज. सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते ती कार्ट्रिज. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो. तो स्थिर कॉइलांजवळ थरथरला की त्यांत वीज तयार होते. (मूव्हिंग कॉइलमध्ये उलटं: कॉइल हलते, चुंबक जागेवर.) ही वीज सुई किती सरकली यावर नव्हे, किती वेगाने सरकली यावर ठरते. सुई एका बाजूला जाऊन थबकली, तर वीज शून्य! स्वस्त प्लेयरांतल्या सिरॅमिक कार्ट्रिजचं गणित वेगळं, तिथे सरकण्यालाच महत्त्व. मूव्हिंग मॅग्नेटमधून मिळतात साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे अगदी क्षीण वीज; ती वाढवावीच लागते.

‘फेरफार नाही’ हे तर साफ चूक. फेरफार कोरतानाच होतो. खर्जाचे स्वर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी झुलेल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून खर्ज दाबतात आणि तार स्वर वाढवतात. वाजवताना फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजची क्षीण वीज वाढवणारं सर्किट) याच्या बरोब्बर उलट करतो: १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ (खोल खर्ज) सुमारे १० पट वर, २० किलोहर्ट्झ (अगदी तार) सुमारे एक दशांशावर. १९५४पासूनचं हे आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाण. एकदा मी टर्नटेबल चुकून ॲम्प्लिफायरच्या साध्या ऑक्स इनपुटला, म्हणजे फोनो प्रीॲम्पशिवाय, जोडला होता. आवाज अगदी बारीक, तबल्याचा डग्गा गायब, चाट तेवढी टणटणत होती. ‘फेरफार नसलेला’ आवाज तो!

भाराचं म्हणाल, तर तो गरजेपेक्षा कमी केला की जोरकस जागी सुई खाचेची भिंत सोडते आणि परत आदळते. नुकसान त्यानेच होतं. पुष्कळ कार्ट्रिजांना दीड-दोन ग्रॅम लागतात. कंपनीने दिलेला आकडा पाळा.

आणि हिरा झिजतो. घासून त्याच्या गोलाईवर सपाट कडा तयार होतात, मग त्या कडाच खाच खरवडू लागतात.