समुद्राला वेळापत्रक शिकवा

अंदमानला निघालाच आहात तर एक गोष्ट मनाशी पक्की करा: पैसे तुम्ही भरले आहेत, समुद्राने नाही. तेव्हा कोणी कोणाच्या वेळेने वागायचं, हा प्रश्न बुकिंगच्या दिवशीच निकालात निघाला आहे.

तारखा ठरवताना मुलांच्या सुट्ट्या बघा, विमानाचं भाडं बघा, साहेबांचा मूड बघा. तिथी तेवढी बघू नका. फ्रिज घ्यायलाही आपण मुहूर्त शोधतो हे खरं, पण समुद्रावर जाताना पंचांग उघडणं म्हणजे निव्वळ गावंढळपणा. आपल्या कोकणातला जुना खलाशी तिथी कळली की तिची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतो; अष्टमी म्हणजे सहा वाजता, झालं. पोर्ट ब्लेअरचं कोष्टक वेगळं, पण चंद्र तोच आणि दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी हा रिवाजही तोच. त्यातही वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकणार. असल्या बेशिस्तीला आपण उत्तेजन का द्यावं? आपल्या हातात रंगीत छापील कार्यक्रमपत्रिका आहे. तीत ‘दिवस चौथा, दुपारी अडीच, नॅचरल ब्रिज’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. चंद्राला तिची प्रत कोणी पाठवली नसेल, तर तो टूरवाल्याचा दोष.

सूर्याचंही तेच. मुंबई साधारण 73 रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 वर. अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य समुद्रात. हा हिशेब शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात होता, आणि परीक्षा झाल्यावर तो विसरण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तेव्हा हॅवलॉक बेटाच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा दिवस असा आखावा. दीड वाजता जेवण. त्यावर वामकुक्षी, कारण सुट्टी आहे. चारला उठून चहाची वाट बघायची, साडेचारला चहा, मग ‘हा ड्रेस की तो’ यावर चर्चा, मग गाडीत हजेरी. जोशीकाका खोलीची किल्ली विसरलेले असतातच. सव्वापाचला किनाऱ्यावर पोहोचाल तेव्हा समोर जांभळट काळोख असेल आणि जीवरक्षक शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत असतील. इथे नाराज व्हायचं नाही. ‘आत्ता कुठे सव्वापाच वाजतायत!’ असं त्या पोराला खडसावून सांगायचं. त्याच्या आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदाच कोणी उच्चारत असल्याच्या थाटात.

या राधानगरला 2004 साली टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. ड्रायव्हर हे सांगेल, गाइड सांगेल, पाटी सांगेल. 2020 साली ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना दिलं जाणारं मानांकन, मिळाल्याचंही ऐकाल. वाळू संपते तिथूनच उंच झाडांचं जंगल सुरू होतं, झाडांच्या सावलीतून चालत येऊन एकदम पांढऱ्या वाळूच्या लांबलचक चंद्रकोरीवर पाऊल पडतं, वगैरे. तुम्ही एकदा डावीकडे बघा, एकदा उजवीकडे बघा, आणि म्हणा, ‘आपल्या तारकर्लीसारखंच आहे.’ पुढच्या मे महिन्यात तारकर्लीला गेलात की म्हणा, ‘पाणी अगदी अंदमानसारखं.’ अशाने कुठलाच किनारा शेफारत नाही.

सूर्योदयाचा प्रश्न याहून सोपा आहे. हॅवलॉकच्या पूर्वेला कालापत्थर आणि शेजारच्या नील बेटावर सीतापूर, दोन्हीकडे सूर्य थेट पाण्यातून वर येतो. उन्हाळ्यात पाचच्या आसपास. नाश्ता मात्र साडेसातला. आता शहाण्या माणसाने काय करावं हे सांगायला नको. इडली गार झाली तर पुन्हा गरम करून देत नाहीत.

नावांचा घोळ घालू नका. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं; 2024 मध्ये पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. बोलण्यात अजून जुनीच चालतात. बेटांमधल्या फेरीबोटीत बसण्यापूर्वी मात्र भरपेट मिसळ किंवा पुरीभाजी जे मिळेल ते चेपा आणि उलटीची गोळी बॅगेच्या तळाशी, सामानाच्या ढिगात ठेवा.

आता नील बेटावरचा तो नॅचरल ब्रिज. बेटावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलं. त्यांनी गावांना रामायणातली नावं दिली, आणि या खडकाच्या कमानीला हावडा ब्रिज म्हणू लागले. लिंबूपाण्याच्या टपऱ्यांवरून खाली उतरलं की खडकाळ पठार लागतं. ओहोटीला ते उघडं पडतं, आणि खडकाच्या खळग्यांत अडकलेल्या घोटाभर पाण्यात अख्खी वस्ती दिसते: काळपट, गुबगुबीत समुद्रकाकड्या (नाव भाजीचं, पण प्राणीच) लोळत पडलेल्या, बोटभर लांबीचे चट्ट्यापट्ट्यांचे मासे, दगडाखाली सरकणारे खेकडे, प्रवाळाचे जिवंत ठिपके. गाइड वाकून एकेक दाखवत नेतो, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही तेही सांगतो. भरतीला यातलं काहीच नसतं, वाट पाण्याखाली जाते.

तुम्ही अर्थातच अडीच वाजता, ऐन भरतीत पोहोचायचं. गाइड म्हणेल, ‘दादा, पानी चढ़ गया है, कल सुबह आइए.’ उद्या सकाळी तुमची परतीची फेरी आहे. इथे माघार घ्यायची नाही. कार्यक्रमपत्रिका उघडून त्याच्या नाकासमोर धरा. मागून काकू म्हणतील, ‘अहो, विचारा ना त्याला, पाणी कधी बंद करतात?’ हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने पुढे पोचवा. मग टूर मॅनेजरला फोन लावा. रेंज नसेल. समुद्राखालून चेन्नईपर्यंत टाकलेल्या केबलचं 2020 साली उद्घाटन होऊनही तुमच्या फोनवर एकच काडी यावी, यावर तिथल्या टपरीवाल्याला जाब विचारा. शेवटी पाण्यातून डोकावणाऱ्या कमानीला पाठ करून फोटो काढा आणि ग्रुपवर टाका: ‘निसर्गाच्या सान्निध्यात.’

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग असतं, म्हणजे पाण्यात तोंड बुडवून खालचं जग बघणं. तोंडात नळी घातली की माणूस घाबरतो आणि पहिली गोष्ट शोधतो ती पायाखाली काहीतरी टणक. ते टणक म्हणजे प्रवाळ. खुशाल उभे राहा. गोल ढेकळासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे तुम्ही ज्या उंचवट्यावर टाच रोवून ‘अरे, फोटो काढ लवकर’ म्हणून ओरडताय तो बहुधा तुमच्याहून वयाने मोठा आहे. वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहण्याची संधी घरी कुठे मिळते? शिवाय 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलंच होतं. त्याच्या मानाने आपण किरकोळ.

मगरींच्या पाट्या दिसतील. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथल्या खाड्यांत पूर्वापार आहेत, आणि 2010 साली राधानगरजवळ एका परदेशी पर्यटकाचा त्यांनी जीव घेतला. तेव्हापासून जाळी आली, पहारा आला, कुठे उतरायचं नाही तेही ठरलं. तुम्ही पाटीला शर्ट टांगा. पाटी चांगल्या उंचीवर असते.

(पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलसाठी पत्रिकेत दीड तास असतो. सावरकर तिथे दहा वर्षं होते, पण त्यांच्याकडे पॅकेज नव्हतं.)

खरेदीत शंखशिंपले विकत कशाला घ्यायचे? किनाऱ्यावर फुकट पडलेले असतात. संध्याकाळी वाळूवर नीट बघितलंत तर त्यातले काही चालताना दिसतील. उचललात की पाय आत ओढून घेऊन गप्प. आत एक खेकडा राहत असतो. त्याचं पोट मऊ, वर कवच नाही, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा शंख पांघरतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. चांगले शंख आपण नेल्यावर बाटलीचं बूच आहेच त्याला. तेही आपणच ठेवून आलेलो असतो. शंख मोज्यात गुंडाळा, मोजा बॅगेत घाला. दुसऱ्या रात्री खोलीत कसलासा वास यायला लागेल. रिसेप्शनवर तक्रार करा, खोली बदलून घ्या आणि बॅगही सोबत न्या. वास तिथेही आला की हॉटेलचा दर्जा घसरलाय, असं सगळ्यांना सांगा.

परत येताना विमानतळावर तपासणीत तो मोजा बाहेर निघेल. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याखाली आहेत, परवानाधारक दुकानाची पावती दाखवा, असं जवान सांगेल. ‘अहो, हे तर समुद्राने दिलंय, समुद्र पावती देतो का?’ हे तुमचं उत्तर तयार असू द्या. मागच्या रांगेतली चार माणसं हसतील, जवान हसणार नाही. टेबलाखालच्या खोक्यात तुमच्याआधीच्या सहलीचे शंख आणि प्रवाळाचे तुकडे ढिगाने पडलेले दिसतील. तिकडे न बघता पुढे व्हा.

घरी आल्यावर सोसायटीत कोणी विचारलंच, ‘बीच कसे होते?’ तर हातचं राखून न ठेवता सांगा: गरम पाणी चोवीस तास, दोन्ही वेळ पोळी, एकदा तर चक्क श्रीखंड. मग निवांत बसून गूगलवर राधानगरला तीन तारे द्या आणि खाली कारण लिहा: ‘किनारा ठीक. संध्याकाळी फार लवकर अंधार होतो. प्रशासनाने लक्ष घालावं.’