‘प्लेअर सदोष आहे’ या अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय आम्ही बारकाईने वाचला. नवा रेकॉर्ड प्लेअर लावताच पहिल्या गाण्यात सुई लेबलच्या दिशेने घसरते, हेडशेलवर (सुई वाहणाऱ्या लांब आर्मच्या टोकावर) नाणे ठेवल्यावरच ती खाचेत टिकते, टेबल पाणसळीने तपासले असता समतल निघाले, आणि तरीही आमच्या तंत्रज्ञाने ‘आधी लेव्हल पाहा’ असे सांगून दोष आपल्यावरच ढकलला, असे आपण लिहिले आहे. हौसेने आणलेले यंत्र एक गाणेही पुरे करू देत नसेल, तर होणारी निराशा आम्ही समजू शकतो. तंत्रज्ञाची ती सूचना मात्र टाळाटाळ नव्हती, आणि तिच्यामागचे कारण फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारे नसल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहोत.

सर्वप्रथम ते नाणे कृपया आजच काढावे. बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजना (हेडशेलखालील, सुई बसवलेल्या भागाला) दीड ते अडीच ग्रॅमच्या आसपास भार लागतो. साधे नाणेदेखील त्यात काही ग्रॅमची भर घालते, आणि तेवढ्या दाबाखाली सुई धरणारी बारीक दांडी वाकू शकते व खाचेच्या भिंती झिजतात. झिजलेली खाच पुन्हा पूर्ववत होत नाही. आम्हाला सर्वांत जास्त काळजी आपल्या रेकॉर्डची आहे.

टेबल समतल आहे म्हणजे थाळी (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) समतल आहे असे होत नाही, कारण मध्ये यंत्राचे पाय असतात आणि ते कमीजास्त फिरलेले असू शकतात. म्हणून छोटी गोल पाणसळ थाळीवर, स्पिंडलच्या (मधल्या खुंटीच्या) शेजारी ठेवावी आणि थाळी हाताने अर्धा फेरा फिरवावी. बुडबुडा खोलीच्या त्याच बाजूला राहिला तर उतार खरा आहे. तो थाळीबरोबर फिरला तर पाणसळीतच खोट आहे किंवा थाळी नीट बसलेली नाही. उतार असेल तर पाय फिरवून तो काढावा, आणि चारही पाय टेबलावर पक्के टेकले आहेत ना, हे पाहावे. मोबाइलमधील लेव्हल शक्यतो वापरू नये. स्प्रिंगवर तोललेल्या प्लेअरमध्ये मोबाइलच्या वजनानेच एक बाजू दबते.

याचा सुईशी संबंध असा. खाचेतील घर्षणामुळे आणि हेडशेल आर्मला कोनात बसवलेले असल्यामुळे फिरती रेकॉर्ड सुईला मुळातच मध्याकडे ओढत असते, आणि हे बल सुईवरील भाराच्या साधारण एक दशांश असते. यंत्राची डावी बाजू तीन अंशांनी खाली असेल, तर त्यात जवळजवळ निम्म्याची भर पडते. अर्ध्या अंशाच्या उताराने मात्र सुई अशी घसरत नाही, हेही सांगायला हवे. नाणे ठेवल्यावर घसरण थांबते, यावरून सुईवर भारच कमी पडत असावा असे आम्हाला वाटते.

तेव्हा थाळी समतल झाल्यावर अँटी-स्केटिंग (मध्याकडील ओढीला विरोध करणारी योजना) शून्यावर आणावे, सुईचे झाकण काढावे आणि आर्म हवेत थाळीला समांतर तरंगेपर्यंत मागचे वजन फिरवावे. त्यानंतर वजन स्थिर धरून फक्त त्याच्या पुढची आकड्यांची कडी शून्यावर आणावी. हा टप्पा राहून गेला की कडीवर दिसणारा आकडा आणि सुईवरचा खरा भार यांचा मेळ बसत नाही. मग वजन कडीसकट फिरवून कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातील भार द्यावा आणि अँटी-स्केटिंग त्याच आकड्यावर ठेवावे. भार मर्यादेपेक्षा कमी ठेवल्याने रेकॉर्ड वाचते ही समजूत चुकीची आहे. सैल सुई खाचेत आदळत राहते आणि अधिक नुकसान करते.

आवाज क्षीण व पातळ येतो, ही आपली दुसरी तक्रार. प्लेअरची तार ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ इनपुटला जोडावी. ते नसेल तर मध्ये फोनो प्रीॲम्प, म्हणजे प्लेअरचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण, लागतो. प्लेअरमध्येच प्रीॲम्प असेल तर तो चालू करून साध्या ‘लाइन’ इनपुटला जोडावे.

आता यंत्राच्या दोषाविषयी. समतल थाळीवर, अँटी-स्केटिंग शून्यावर असताना, तरंगता आर्म हलक्या फुंकरीनेही सरकायला हवा. तो वाटेत कोठेही अडखळत असेल, किंवा एका बाजूला जोराने ओढला जात असेल, तर त्याचे बेअरिंग किंवा आतील तारा सदोष आहेत आणि ते पाय फिरवून दुरुस्त होणारे नाही. तसे आढळल्यास त्याचा छोटा व्हिडिओ आम्हाला पाठवावा; आम्ही यंत्र स्वखर्चाने परत नेऊन बदलून देऊ, आणि नाण्यामुळे सुई वाकली असल्यास तीही तपासून देऊ.

आपला,
दुकानमालक